टाकीची जागा

घरात सगळ्यांत शेवटी जन्मली म्हणून तिचं नाव बारकी पडलं, आणि साठी उलटून केस पांढरे झाले तरी ते नाव काही मोठं झालं नाही. उभा जन्म तिने कवळ्या बनवण्यात घालवला. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवत आणि ही टेबलाशी बसून मेण वितळवून, प्लॅस्टर कोरून, एकेक दात जागेवर बसवून देई. तोंड कुणाचं ते तिला कधी कळत नसे, पण साचा हातात घेतला की ती सांगे, हा बाबा उजवीकडूनच चावतो आणि ही बाई झोपेत दात खाते. पुढे डॉक्टर मंडळी मशीनवर कवळ्या करून घ्यायला लागली आणि बारकीच्या हातांना काम उरलं नाही. हात मात्र गप्प बसायला शिकले नव्हते.

तिचा थोरला भाऊ, दादा, रेल्वेत होता. स्टेशनाच्या टोकाला उंचावर जी केबिन असते ना, तिथे उभं राहून लोखंडी दांडे ओढायचे, गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते ठरवायचं, हे त्याचं काम. निवृत्तीला थोडा अवकाश होता तोवर नवी लाइन दुसऱ्याच बाजूने गेली. जुनं स्टेशन बंद झालं, पाडलंही. रूळ उपटून नेले. पाठोपाठ काचबिंदूने दादाचे दोन्ही डोळे नेले. बोलका माणूस खुर्चीला खिळला आणि तोंड उघडलंच तर ते चहा गार झाला म्हणून.

"अगं बारके, हा माणूस दिवसभर असतो कुठे तेच मला कळत नाही," वहिनी एकदा म्हणाली. "हाक मारली तर लांबून आल्यासारखी ओ देतो."

बारकीने आत जाऊन सरळ विचारलं, "दादा, कुठे असतोस रे?"

"स्टेशनात," दादा म्हणाला. "रोज एक फेरी मारतो. केबिनपासून फाटकापर्यंत. आता कुणी नसतं तिथे. निवांत असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन तिने सांगून टाकलं, "तुझं स्टेशन बनवतेय मी. लाकडाचं आणि प्लॅस्टरचं. रूळ, सांधे, गाडी सगळं. तुला हाताने चाचपता येईल असं."

दादा हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "आंधळा मागतो एक डोळा, आणि बहीण देते आगगाडी. मी काय लहान आहे का खेळण्याने रमायला?"

"तू नको रमूस. मी रमेन."

शेजारच्या सुताराचा कारखाना अर्धा रिकामा पडला होता. तो हल्ली लोकांच्या घरी जाऊनच कामं करत असे. बारकीने त्याच्याकडे जागा मागितली आणि भिंतीला टेप लावला. अख्खं स्टेशन घ्यायचं, काही गाळायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. इंचाला सव्वासात फूट धरले तरी टेबल तीस फुटांचं होत होतं.

"ताई, एवढ्या टेबलावर अख्खी वरात जेवायला बसेल," सुतार म्हणाला.

"वरात नको. गाडी बसली पाहिजे. फळ्या कधी कापतोस?"

सुताराने मान हलवली आणि फळ्या कापल्या. या बाईच्या नादी लागण्यात अर्थ नाही हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

जुने फोटो मिळाले तेवढे बारकीने गोळा केले आणि कामाला जुंपून घेतलं. इमारती मेणात घडवून साच्यात ओतल्या. रुळांखालची खडी करायला वाळलेलं प्लॅस्टर कुटून चाळणीने चाळलं. कवळीच्या हिरड्यांसाठी आणलेला गुलाबी रंग उरला होता, त्यात काळा मिसळून तिने कौलं रंगवली. सुतार म्हणाला, "त्या कौलांना दात फुटायच्या आत आवरा, ताई." महिने गेले. प्लॅटफॉर्म झाला, पादचारी पूल झाला, मालाची शेड झाली. बघणारा हरखून जाईल असं देखणं काम झालं आणि मगच ती कारखान्यात चल म्हणून दादाच्या मागे हात धुवून लागली. शेवटी वहिनीने त्याच्या हातात काठी दिली आणि दंडाला धरून कारखान्यात आणलं.

दादाने टेबलाच्या कडेवर हात ठेवले. बोटं सावकाश पुढे सरकली. पूल लागला, तो त्याने ओळखला. शेड लागली, तिच्या छपरावरून तळवा फिरवला. मग त्याने हात आडवा करून रुळांवर ठेवला आणि टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण हे स्टेशन नाही. स्टेशनाचं चित्र आहे."

"का?"

"जमीन कुठे आहे? केबिनपासून फाटकाकडे उतार होता. मालगाडीची मोकळी वाघीण ब्रेक न लावता सोडली तर आपसूक फाटकात जायची. तू सगळं पोळपाटासारखं सपाट केलंस."

सुताराने जीभ चावली. वहिनी घाईघाईने म्हणाली, "अहो, असं काय बोलता, किती खपलीय ती."

बारकीचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी वहिनी कारखान्यात आली तेव्हा ही पदर खोचून, पटाशी घेऊन आपलाच प्लॅटफॉर्म उचकटत होती. वहिनीने कपाळाला हात लावला.

"साचा चुकला तर कवळी कितीही घासली तरी बसत नाही, वहिनी," बारकी मान वर न करता म्हणाली. "साचाच नवा घ्यावा लागतो."

त्या दिवसापासून दादा रोज यायला लागला. आधी खुर्ची टाकून बसायचा, मग टेबलाशी उभा राहायला लागला. फळीखाली पाचरी ठोकून उतार धरला, तेव्हा तो रुळावर डबा ठेवून सोडून बघायचा. घरंगळण्याच्या आवाजावरून सांगायचा, अजून थोडा, अजून जरा, बस. दोघांची भांडणंही दणकून होत. तो म्हणे पूल जरा वाकडा होता, ती म्हणे वाकडा पूल कुणी बांधतं का. तो म्हणे कंत्राटदाराला विचार. वहिनी घरी निवांत झाली. चहा गार झाल्याची तक्रार कितीतरी दिवसांत कानावर आली नव्हती.

मग टाकीवर घोडं अडलं.

वाफेच्या इंजिनांना पाणी देणारी ती उंच लोखंडी टाकी, चार खांबांवर उभी. दादाचं म्हणणं, केबिनमधून बघितलं की आधी टाकी आणि मागे मालाची शेड. बारकीकडे एक धुरकट फोटो होता. त्यात तिला टाकी शेडच्या पलीकडे दिसत होती.

"फोटो कुठून काढलाय काय माहीत," दादा म्हणाला. "मी उभं आयुष्य त्या खिडकीत काढलंय. टाकी अलीकडे. काळ्या दगडावरची रेघ."

"मग जाऊन बघू."

"काय बघणार? पाडलंय सगळं."

"पाया कुणी उपटत नाही."

एका सकाळी वहिनीला घेऊन तिघं बसने गेली. स्टेशनाच्या जागी आता नुसतं रान होतं. प्लॅटफॉर्मची दगडी कड मात्र शाबूत होती. दादा काठीने ती ठोकत पुढे निघाला, आणि गंमत म्हणजे तिथे तो डोळसांपेक्षा झपाझप चालत होता. केबिनचं जोतं त्याने स्वतः शोधलं. तिथून शेडकडे वळला आणि मध्येच थांबून म्हणाला, "इथे. इथे बघा खांब."

बारकीने गवत बाजूला केलं. माती होती. तिने आजूबाजूलाही पायाने चाचपलं. वहिनीने काठी खुपसून बघितली. काही लागलं नाही.

तिघं शेडच्या ओट्याला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे झुडपांत चार चौकोनी चिरेबंदी पाये होते, प्रत्येकात गंजलेले बोल्ट. बारकीने दादाचा हात धरून त्यातल्या एकावर ठेवला. दादाने चारही पाये चाचपले. मग परत पहिल्याकडे आला आणि तो पुन्हा चाचपला.

परतीच्या बसमध्ये तो काठीची मूठ चाचपत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी रोज फेरी मारतो ती चुकीच्या जागेतून. टाकी हलली, ते कळलं. पण आणखी काय काय हललं असेल, बारके?"



दुसऱ्या दिवशी दादा कारखान्यात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनी एकटी आली आणि स्टुलावर बसून म्हणाली, "परत खुर्चीत जाऊन बसलेत. जेवतात, पण जेवल्यासारखं नाही. बारके, ते म्हणतात तिथेच लाव ना टाकी. कोण बघायला येणार आहे?"

सुतारानेही री ओढली. "खरंय ताई. ज्यांनी ती टाकी बघितली ते निम्मे वर गेले, उरलेल्यांना जेवलेलं आठवत नाही. ज्याच्यासाठी करताय त्याच्या मनासारखं करा की. तेवढंच पुण्य."

बारकी टाकीचे खांब कानशीने घासत होती. तिला दोघांचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. त्या क्षणी टाकी उचलून दादाच्या जागेवर ठेवणं किती सोपं होतं. तो येईल, चाचपेल, खूश होईल. आणि आपण त्याच्याशी आयुष्यभर त्या एका टाकीपुरतं खोटं बोलत राहू. एकदा त्याला फसवायचं ठरवलं, की पुढचा प्रत्येक दगड त्याच हिशेबाने बसणार. मग तो म्हणाला होता तेच खरं ठरणार, हे स्टेशन नाही, चित्र आहे.

"नाही," ती म्हणाली. "जिथे पाया आहे तिथेच लागणार."

"आणि त्यांना काय सांगू?"

"सांग, टाकी लावलीय, तपासायला ये. एवढंच सांग. आला नाही तर मी येऊन ओढत आणेन."

ओढत आणावं लागलं नाही, पण वहिनीला बरंच बोलावं लागलं असणार. दादा आला तो तोंड पाडूनच. सवयीने केबिनपासून सुरुवात करून त्याची बोटं रुळांवरून पुढे गेली, आणि जिथे त्याच्या मते टाकी होती तिथे थबकली. मोकळी जागा. तो तसाच उभा राहिला. मग शेडच्या छपरावरून हात पलीकडे उतरला आणि खांबांना लागला. सुताराने हातातला रंधा खाली ठेवला.

"शेडच्या आड," दादा स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे मला खिडकीतून टाकीचा वरचा भाग तेवढा दिसत असणार. खालचं काही नाही." त्याने दोन बोटं खांबांच्या मधे घातली. "हां. म्हणूनच तर."

"काय म्हणूनच?" बारकीने विचारलं.

"शेडवरचे हमाल टाकीच्या गळक्या पाइपाखाली अंघोळ करायचे. स्टेशनमास्तर चिडायचा, मला सांगायचा, वरून लक्ष ठेव. मी म्हणायचो, साहेब, मला गाणी ऐकू येतात, माणसं दिसत नाहीत. कशी दिसणार? शेड आड यायची." तो हसायला लागला. "एक होता, त्याचा आवाज असा की इंजिनाची शिट्टी बरी. मी तो साफ विसरलो होतो, बघ."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि धूळ फार झालीय म्हणून सुताराला बोलली.

त्यानंतर काम थांबलं नाही. दादा आता बोलण्याआधी दोनदा विचार करे आणि पुष्कळदा म्हणे, "हे मला वाटतंय हं, खात्री नाही. तपासा." ती तिघं पुन्हा दोनदा जाऊन आली. जमिनीत उरलेल्या पायांवरून पूल मात्र खरंच वाकडा निघाला, आणि ते त्याने बारकीला आठवडाभर ऐकवलं. सुताराने केबिनचे दांडे केले, मुठीत धरता येतील एवढे मोठे. त्यांना तारा जोडून टेबलाखालून सांध्यांपर्यंत नेल्या. दांडा ओढला की रूळ खट्ट करून सरकत.

गाडी बघायला जुन्या स्टेशनातल्या लोकांना बोलवायचं ठरलं. दिवस ठरला आणि छोट्या मोटरीवर चालणारं इंजिन एका ठिकाणी अडखळायला लागलं. डोळ्यांना काही दिसेना. दादाने टेबलावर कान टेकवला, गाडी दोनदा नेऊन आणली आणि म्हणाला, "प्लॅटफॉर्मखाली दोन फळ्यांचा जोड आहे ना, तो फुगलाय." प्लॅस्टरचं पाणी लाकडात मुरलं होतं. जोड काढायचा तर वरचा तयार प्लॅटफॉर्म फोडायला हवा.

"लोक परवा येणार, ताई," सुतार म्हणाला. "त्या जागी हाताने जरा ढकलू."

बारकीने तोवर करवत उचलली होती.

लोक आले. कुणी काठी टेकत, कुणी सुनेला धरून. पार्सल ऑफिसमधल्या एका बाईंनी आपली खिडकी शोधून काढली आणि तिथून हलायला तयार होईनात. दादा केबिनच्या टोकाला उभा राहिला. त्याने पहिला दांडा ओढला, मग दुसरा. गाडी फाटकातून वर चढली, पुलाखालून आली आणि त्या जोडावरून कुरबुर न करता प्लॅटफॉर्मला लागली. कुणी तरी दादाला म्हणालं, "धन्य आहे तुमची. सगळं आठवणीतून केलंत?"

"आठवणीवर ठेवलं असतं तर टाकी भलतीकडे गेली असती," दादा म्हणाला. "बाजूला व्हा जरा, मालगाडी घ्यायचीय."

बारकी हे ऐकायला तिथे नव्हती. ती कारखान्याच्या दुसऱ्या भिंतीशी टेपचं एक टोक धरून उभी होती आणि दुसरं टोक तिने सुताराच्या हातात दिलं होतं.

"फाटकाच्या पुढे नदीवरचा पूल होता," ती म्हणाली. "एवढ्या भिंतीत बसेल का?"

सुताराने भिंतीकडे बघितलं, आपल्या उरलेल्या अर्ध्या कारखान्याकडे बघितलं, आणि टेपचं टोक घेऊन मुकाट्याने कोपऱ्यापर्यंत गेला.