फोडलेले डबे

अठ्ठावन्न साली गुरुमूर्ती मद्रासहून फियाट घेऊन रामेश्वराला निघाला. वाटेत तंजावरला आत्याकडे उतरला, तोवर इंजिनाचं ऑइल बदलायची वेळ झाली होती. गॅरेज निवडायला चंद्रमती आत्या बरोबर आली. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लग्नासाठी आचारी ठरवायचा तर राजवाड्यामागची सारी मराठी घरं तिलाच विचारीत.

पहिल्या गॅरेजात फरशी आरशासारखी आणि मालक मोठा गोडबोल्या. भिंतीशी ऑइलचे रिकामे डबे ओळीने मांडलेले, एकालाही पोचा नाही. गुरुमूर्ती खूश झाला. आत्या म्हणाली, "चल इथून."

दुसरं गॅरेज म्हणजे निव्वळ उकिरडा. नटराज मेकॅनिकने मान वर न करताच "थांबा" म्हटलं. हातातला सीलबंद डबा त्याने एका गाडीत रिता केला, पालथा घातला, छिन्नीने बुडाला भोक पाडलं आणि ढिगावर फेकला. ढिगातला प्रत्येक डबा तसाच फोडलेला.

"इथंच," आत्या म्हणाली.

"असल्या घाणीत?"

"अरे शहाण्या, धड डब्यात जुनं तेल भरून नवं म्हणून विकता येतं. आचाऱ्याकडेसुद्धा मी आधी तुपाचे रिकामे डबेच बघते."

गुरुमूर्तीने नटराजला किल्ली दिली.

काम झालं. नटराजने त्यांचा डबा पालथा घालून छिन्नी उचलली, तोच आत्याने हात पुढे केला. नटराजने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि हातोडीही तिच्याच हाती दिली.

आत्याने एका घावात भोक पाडलं.