तपासणीच्या दिवशी खुराड्याची झडप

मी झडप बोलतेय. दिवाणखान्याचं भारदस्त दार नव्हे हं, कोंबड्यांच्या खुराड्याची हातभर झडप. सुताराने मला एका मोडक्या कपाटाच्या पाठीतून कापलं आणि खालच्या कडेला बिजागऱ्या ठोकल्या. म्हणून मी आडवी पडून उघडते, आणि साठ कोंबड्या माझ्यावरून अंगणात उतरतात.

ताईने हे खुराडं सेंद्रिय नियमांनी चालवायला घेतलं. दाणा रासायनिक खत न घातलेल्या शेतातला, ऊठसूट औषधं नाहीत आणि रोज मोकळं फिरणं. यातलं शेवटचं तिच्या काकांना पटेना. स्वतः फेरी मारल्याशिवाय चहा न पिणारा हा माणूस कोंबड्यांना मात्र घरी बसवायला निघाला होता.

वर्षभराच्या खटपटीनंतर तपासनीस बाई येणार असं ठरलं. त्यांनी होकार दिला तरच ताईच्या अंड्यांवर सेंद्रिय असल्याचा शिक्का बसणार होता. नकार आला की पुन्हा वर्षभर थांबा. ताई त्यांना आणायला बस थांब्यावर गेली. तेवढ्यात काकांना पाहुणचाराचा झटका आला. त्यांनी सगळ्या कोंबड्या आत कोंडल्या, मला कडी घातली आणि अंगण आरशासारखं झाडलं.

बाईंनी येताच कोंबड्या कुठे आहेत ते विचारलं.

"आत. एकीलाही बाहेर फिरकू दिलं नाही," काका अभिमानाने म्हणाले.

ताईचा चेहरा आधी पडला, मग तापला. "काका, त्या बाहेर फिरतात का, हेच बघायला बाई आल्यात."

"अगं, पण पाहुण्यांसमोर घाण बरी दिसते का?"

बाई गुडघ्यांवर बसल्या. कडी काढून त्यांनी मला आडवं केलं आणि माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. वर्षभर कोंबड्यांच्या नखांनी मधला रंग पार खरवडून काढला होता. तोवर कोंबड्या सुटल्या, त्या थेट कुंपणाजवळ. काकांनी बुजवलेले आपापले खड्डे उकरून धुळीत लोळायला लागल्या. एकीने जाता जाता काकांच्या चपलेवर आपलं मत नोंदवलं.

"या रोज बाहेर जातात," बाई म्हणाल्या. "ही फळीच सांगतेय."

शिक्का मिळाला. आता रोज सकाळी काकाच मला उघडतात आणि "चला बायांनो, नियम म्हणजे नियम," असं बजावतात, जणू नियम त्यांनीच लिहिलाय.

पण आत्ता काका रंगाचा डबा हलवत माझ्यासमोर उभे आहेत. मला नवीकोरी करणार म्हणे. ताई, असशील तिथून धावत ये. पुढच्या वर्षीच्या तपासणीतही साक्ष मलाच द्यायची आहे.