प्रत मागण्याचे कारण

"समोर ये, मग बोल!"

घरात कुठूनही हाक मारली की बाबांचे हे ठरलेले उत्तर. तिने स्वयंपाकघरातून विचारावे, "बाबा, माझी पट्टी बघितलीत का?" आणि बाहेरच्या खोलीतून तो जाडाभरडा आवाज यावा. मग तिने उठावे, बाबांच्या पुढ्यात जाऊन उभे राहावे आणि पट्टीचे पुन्हा पहिल्यापासून विचारावे. मोठ्यांशी बोलायची हीच रीत असणार, असे तिला वाटायचे.

बाबा कापडगिरणीत विणकर होते. एका छपराखाली दोनशे माग. आडवे सूत नेणारे धोटे इकडून तिकडे धावू लागले की शेजारच्याने कानाला तोंड लावून ओरडले तरी काही कळायचे नाही. म्हणून तिथली माणसे आवाजाशिवाय बोलायची. ओठ मोठे करायचे, शब्द चघळून चघळून हवेत ठेवायचा, समोरच्याने तो डोळ्यांनी उचलायचा. बाबांनी ही बोली तिलाही शिकवली होती. पाळी संपवून ते गल्लीच्या टोकाला दिसले की ती खिडकीतून नुसत्या ओठांनी विचारायची, "खाऊ?" आणि ते तिथूनच नुसत्या ओठांनी सांगायचे, "आधी अभ्यास, बॉबिनबाई!" मध्ये अख्खी गल्ली, माणसे, सायकली, आणि एक शब्द कुठे सांडायचा नाही. आई म्हणायची, "बापलेकीचं गुळपीठ. मीच मेली या घरात बहिरी."

आई जाऊन आता चार वर्षे झाली. बॉबिनबाई दूरच्या शहरात, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर कानांचा अभ्यास करते. तिच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर ती बसते, दुसरीवर कागद बसतात. दिवसभर ती अनोळखी कानांत बारीक आवाज सोडते आणि कोणता कुठवर पोचला ते लिहून ठेवते. संध्याकाळी घरी जाते, कुलूप काढते, दिवा लावते. तिथे तिला हाक मारणारे कोणी नाही आणि तिने हाक मारावी असेही कोणी नाही.

महिन्यातून एकदा मात्र एक मेल यायचा.

तिचा गिरणी कामगारांच्या कानांवरचा लेख दोन वर्षांपूर्वी एका नामांकित नियतकालिकात आला होता. पैसे भरतील त्यांनीच वाचावा, असा तिथला नियम. लेखिकेने आपले हस्तलिखित विद्यापीठाच्या लेखभांडारात ठेवायला हरकत नव्हती, पण तेही पाच वर्षे कुलपात. कुलपाशेजारी एक बटण असते: 'प्रत मागा'. ते दाबले की एक चौकट उघडते, तिच्यात प्रत मागण्याचे कारण लिहावेच लागते. मग लेखिकेला मेल जातो. तिने 'परवानगी' दाबले की मागणाऱ्याला लेख उघडून मिळतो, सात दिवसांपुरता. आठव्या दिवशी पुन्हा कुलूप.

पहिला मेल आला तेव्हा पत्ता होता गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाचा, आणि कारण होते, "गिरणीत काम केले आहे. वाचायचे आहे."

तिने ओळखले. परवानगी दाबले.

पुढच्या महिन्यात: "चष्मा बदलला. पुन्हा वाचतो."

त्यानंतर: "सात दिवस पुरत नाहीत. मी हळू वाचतो." मग: "शेजाऱ्याला दाखवायचा आहे, तो खोटे समजतो." एकदा नुसतेच: "आज काही काम नव्हते."

परवानगीबरोबर चार शब्द लिहायला तिच्याकडेही एक चौकट होती. तेवीस वेळा तिने ती कोरी ठेवली. बापलेकीत आता एवढेच उरले होते: तिकडून एक बटण, इकडून एक बटण.

बोलणे बंद पडले तेही एका बटणावरून.

लेखासाठी तिने बाबांच्याच गिरणीतले एक्केचाळीस विणकर तपासले होते. गिरणीच्या दवाखान्यात तिची आवाजबंद पेटी उभी होती, काचेची खिडकी असलेली. आत माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचे. त्याला काचेकडे कड करून बसवायचे, तपासणाऱ्याचा हात त्याला दिसता कामा नये, हा या कामातला पहिला धडा. पण बाबा म्हणाले, "मी समोर बसतो गं. तू दिसलीस की बरं वाटतं." आई जाऊन वर्षच झाले होते. ती म्हणाली, "बसा."

बाबांनी प्रत्येक आवाज ओळखला. पस्तीस वर्षे मागावर काढलेल्या माणसाला जो ऐकू येणे शक्यच नाही, तोही ओळखला. तिला शंका आली. तिने हात हलवला, आवाज सोडलाच नाही. बाबांनी बटण दाबले. पुन्हा हलवला. पुन्हा दाबले.

दार उघडून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, तुम्ही फसवताय. ही काय चेष्टा वाटली तुम्हाला?"

बाकावर बसलेले सोबती खो-खो हसले. "काय रे, लेकीच्या परीक्षेत कॉपी?"

बाबांनी हेडफोन काढला, खुंटीला नीट अडकवला आणि ते निघून गेले. त्यानंतर महिनाभर तिने फोन केले. घंटा वाजत राहायची. बाबांचा राग एवढा लांबेल असे तिला वाटले नव्हते. शेवटी तिनेही हट्टाने फोन करणे सोडले. लेखात एक वाक्य गेले: 'एका सहभागीचे प्रतिसाद अविश्वसनीय आढळल्याने त्याला वगळले आहे.' कुणी कुणाला कुठे बसवले होते, ते त्या वाक्यात नव्हते.

सोमवारी सकाळी ग्रंथालयातून बोलावणे आले. खुल्या प्रकाशनाचा निधी पाहणाऱ्या ग्रंथपालबाई गोल चेहऱ्याच्या, बोलताना पेन हलवणाऱ्या. त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला.

"मॅडम, तुमचं नशीब फळफळलं. निधीत शिल्लक आहे. नियतकालिकाची फी आम्ही भरतो, तुमचा जुना लेख कायमचा खुला. कुणीही वाचावा, छापावा, वाटावा, फक्त तुमचं नाव ठेवावं. कामगार दवाखान्याच्या डॉक्टरांचं पत्रच आलंय, त्यांना पुस्तिका करून मागावरच्या माणसांना द्यायचीय. इथे सही करा."

तिने अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"ताई, लेख खुला झाला की ते 'प्रत मागा'चं बटण राहतं?"

"बटण कशाला राहील? दार सताड उघडं असताना कडी कोण वाजवतो?"

"मग मी जरा विचार करते."

ग्रंथपालबाईंचे पेन हवेतच थांबले. "अहो, लेखक कुलूप काढा म्हणून माझ्या मागे हात धुऊन लागतात. कुलूप राहू द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"राहू द्या नाही म्हटलं. विचार करते म्हटलं."

"शुक्रवारपर्यंत करा. मग निधीचं वर्ष संपतं, आणि आपण दोघी बसू हात चोळत." बाईंनी यादीवर बोट ठेवले. "आणि हा कोण हो? एकाच पत्त्यावरून तेवीस वेळा मागणी. पाठ करायचाय की काय यांना?"

"असेल कुणी वाचक," ती म्हणाली, आणि जिना चढून वर आली.

चार दिवस अर्ज त्या दुसऱ्या खुर्चीवर बसून राहिला. सही केली तर बाबांना मागायचे कारण उरणार नव्हते, आणि कारण नसताना ते कधी काही मागत नसत. नाही केली तर ज्यांनी पेटीत बसून घाम पुसत बटणे दाबली, त्या चाळीस जणांना त्यांच्याच कानांचे लिहिलेले वाचायला मिळणार नव्हते. एका माणसासाठी चाळीस माणसे कुलपात ठेवायची? शुक्रवारी दुपारी तिने सही केली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी उघडेल."

शनिवारी विभागात कोणी नव्हते. ती उगाच आली होती. अकराच्या सुमाराला मेल आला, चोविसावा. कारण: "हवा बरी आहे. चालत आलो."

परवानगी दाबण्याआधी पहिल्यांदाच तिने आपल्या चौकटीत लिहिले: "सोमवारपासून लेख सगळ्यांसाठी खुला होतोय. आता मागावा लागणार नाही. बाबा, तुम्ही माझा फोन का उचलत नाही?"

आणि ती पडद्याकडे बघत बसली. बाहेर कोणीतरी जिना झाडत होते. झाडणारा एकेक पायरी खाली गेला, मग तोही आवाज संपला.

पाऊण तासाने मेल आला. कारणाच्या चौकटीत मोजकीच अक्षरे मावतात, बाबांनी ती काठोकाठ भरली होती.

"फोन वाजतो ते दिव्यावरून कळते. उचलला तर नुसती घरघर, लांब कुठे माग चालल्यासारखी. तू आहेस की दुसरे कोणी, तेही कळत नाही. तुझी आई शेजारी बसून ओठांनी सांगायची, तू काय बोललीस ते. आता मी भलतेच उत्तर दिले तर तुला समजेल, म्हणून"

तिथेच वाक्य तुटले. दहा मिनिटांनी दुसरी मागणी आली.

"मागचे कापले गेले. म्हणून उचलत नाही. राग नाही. राग एकच दिवस होता, तोही दुपारपर्यंत. त्या पेटीत मला काही ऐकू आले नाही. एकही आवाज नाही. तुझा हात हलला की दाबत होतो. आपल्या पोरीच्या कागदावर बाप बहिरा लागू नये असे वाटले. पण तू"

मग तिसरी.

"पण तू लिहिलेस ते बरोबर. वगळले ते योग्य. मी फसवले. लेख निम्मा कळतो. ते एक वाक्य माझे आहे म्हणून मागतो. आणि तू दर वेळी हो म्हणतेस म्हणून. सोमवारपासून मागायचे नाही, तर मग मी काय करू ते कळव."

तिने तिन्ही मागण्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. समोर ये, मग बोल. आयुष्यभर ऐकलेले ते चार शब्द, आणि तिने, कानांच्या डॉक्टरबाईने, ते कधी ऐकलेच नव्हते. बाबांचा आकडा तिच्या तक्त्यात नव्हता, आणि ज्याचा आकडा नाही ते तिच्या कामात नसतेच. फोनवर बाबा किती भराभरा म्हणायचे, "बरी आहेस? जेवलीस? बरं," आणि उत्तराची वाट न बघता फोन आईकडे द्यायचे. घाईचा माणूस, असे ती सगळ्यांना हसत सांगायची.

तिने ग्रंथपालबाईंना घरी फोन लावला.

"ताई, ते तेवीस वेळा मागणारे माझे बाबा आहेत. आणि लेखात एक दुरुस्ती करायचीय. त्यांना वगळलं ते ठीक, पण चूक त्यांची नव्हती."

पलीकडून बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दुरुस्ती नियतकालिकाला विचारूनच करता येते हो. महिना तरी जाईल. सोमवारी लेख आहे तसाच उघडणार."

"एक महिना?"

"नियमच तसा आहे. पण बाबांना सांगायला कसला आलाय नियम?"

रविवारी दुपारी ती गाडीत बसली. सोमवारी सकाळी घरापाशी पोचली तर दाराला कुलूप. तिला ठाऊक होते कुठे जायचे. पिशवी खांद्यावर घेऊन ती वाचनालयाकडे वळली.

दार नुकतेच उघडले होते. भिंतीवर पाटी: 'शांतता राखा'. पाटीखाली कोपऱ्यातल्या संगणकापुढे बाबा पाठमोरे बसले होते. सदऱ्याची कॉलर उलटली होती, मानेवरचे केस पार पांढरे. पडद्यावर तिचा लेख सताड उघडा. पण बाबा वाचत नव्हते. जिथे बटण असायचे, त्या रिकाम्या जागेवर ते बाण फिरवत होते, वर, खाली, पुन्हा वर.

"बाबा," ती म्हणाली.

टेबलापाशी पेपर वाचणाऱ्या एका माणसाने मान वर करून तिला पाहिले. बाबांनी नाही पाहिले.

ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि खिडकीच्या उजेडात, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली. बाबांनी आधी तिची चप्पल पाहिली, मग पिशवी, मग चेहरा. त्यांचा हात संगणकावरून खाली आला. ओठ हलले, आवाज आला नाही. "बॉबिनबाई?"

तिने पिशवी खाली ठेवली. ओठ मोठे केले, आणि लहानपणी गल्लीवरून फेकायची तसा एकेक शब्द चघळून, एकही न सांडता, आवाजाशिवाय म्हणाली,

"फसवलं मी, बाबा. काचेसमोर मीच बसवलं होतं तुम्हाला. लिहिलं मात्र नाही."