बसबूसाचं ताट

डॉ. वग्दींनी रक्त अडवणारा चिमटा सोडला, पण घोट्याजवळ नुकतीच जोडलेली शीर फुगली नाही. ढिलीच पडून राहिली.

आणि वग्दींना आनंद झाला. बहगतच्या पायाची आठवण त्यानंतर आली.

बहगत अलेक्झांड्रियाचा निवृत्त ट्रामचालक. त्याच्या पायाची रोहिणी दोन ठिकाणी तुंबलेली, वर ओटीपोटात आणि खाली मांडीत. बोटं काळी पडत चालली होती, आज रक्त पोचलं नाही तर पाय कापायचा. वरची गाठ पस्तिशीच्या डॉ. शहीराने काल सकाळीच सोडवली होती. जांघेतून तार सरकवून अर्ध्या तासात स्टेंट बसवून ती मोकळी. त्याखालचा बायपास, म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंत शीर जोडून रक्ताला नवी वाट काढायची, तो आज वग्दींचा, चार तासांचा. असे बायपास ते तीस वर्षं करत होते. तरी बहगतची बायको काल रव्याचा गोड बसबूसा ताटभर घेऊन आली, ती थेट शहीराकडे. ही डॉक्टरीण फाडाफाडी करत नाही, असं कौतुकही करून गेली. वग्दींना कुणी तुकडाही विचारला नाही. तेव्हापासून ते धुमसत होते.

"वरून रक्तच येत नाहीये," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमच्या तारेची करामत बघा जरा, बाईसाहेब."

नर्सने मान खाली घातली. शहीरा जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली,

"सर, मांडीतल्या टाक्यावर एकदा बोट ठेवता?"

ही तपासणी ते शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी शिकवत. त्यांनी बोट ठेवलं. तिथे ठोका दणदणीत लागत होता. तिचं रक्त केव्हाच येऊन थांबलं होतं. मधे कातडीखालून शीर ओढताना तिला पीळ पडला होता, आणि ओढली होती वग्दींनी.

खालचे टाके उसवून, पीळ काढून त्यांनी ती पुन्हा शिवली. पाऊण तास शहीरा समोर उभी राहून मदत करत होती. मग पाऊल कोमट झालं. ठोका लागला तिथे वग्दींनी पेनने फुली मारली.

दुसऱ्या दिवशी बहगतची बायको नवं ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मधेच अडलं होतं म्हणे. तुम्ही होतात म्हणून पाय वाचला."

वग्दींनी ताट हातात घेतलं. शहीराचा इतका हेवा त्यांना आजवर कधी वाटला नव्हता.