टोलेफसनच्या काठावरचे दगड

सरकारी लिफाफा आला की आमच्या बार्लो गावात तो आधी शेगडीजवळ जातो. कुणाला दया आलीच तर मग उघडला जातो. मर्ल टोलेफसनच्या घरी त्या सकाळी तो उघडला गेला, तो केवळ त्याच्या सासूमुळे. मर्लनं पाकीट न वाचताच सरपणावर टाकलं होतं. हेस्टरबाईंनी काठीच्या टोकानं ते खाली ओढलं.

"जावईबापू, वाचून जाळलंत म्हणून काही ते कमी जळणार नाही."

"काय लिहिलंय ते मला न वाचताच ठाऊक आहे."

"मग सांगा बघू."

मर्लनं कपात कॉफी ओतली. बाईंनी चष्मा चढवला. पत्र केंद्राच्या वनखात्याचं होतं. आमची स्टिलमन नदी उगमापासून खिंडीच्या पलीकडपर्यंत संरक्षित मुक्त नद्यांच्या यादीत घेण्याजोगी आहे का, याची पाहणी होणार होती. गुरुवारी गावच्या आगीच्या बंबाच्या शेडमध्ये सभा होती आणि सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं होतं.

"संरक्षित! म्हणजे घेणार," मर्लनं कप आपटला. "आधी नदी, मग काठ, मग कुरण, मग माझी पँट."

"तुझी पँट कुणी नेत असेल तर मी आत्ता घडी घालून देते," अंडी उलटता उलटता जोलीन म्हणाली. ती त्याची बायको. तिला नदीपेक्षा आई आणि नवरा यांच्यातली रोजची खडाखडी जास्त जाचत असे.

हेस्टरबाईंना आमच्याकडे सगळे ओळखतात. पुलाच्या खांबावर पाण्याची उंची मोजायची एक फुटाफुटांच्या खुणांची पट्टी आहे. रोज सकाळी सात वाजता तिथं जायचं, आकडा वहीत लिहायचा आणि शहरातल्या कचेरीला फोनवर कळवायचा, हे काम त्या एकतीस वर्षं बिनपगारी करत होत्या. गावात कुणी कुणाला 'बरं आहे ना' विचारण्याआधी त्यांना 'आज किती' असं विचारतं. दोन फूट नऊ, तीन फूट चार. बर्फ वितळायला लागलं की आठच्या वर.

मर्लची जमीन पुलाच्या खाली, खिंडीच्या दोन्ही अंगांना. आजोबा नॉर्वेहून आले, त्यांनी झाडं तोडून ते कुरण केलं. नदी काठ खायला लागली की आमच्या खोऱ्यात एक रीत होती. मेलेली मोटारगाडी साखळीनं ओढत न्यायची आणि दरडीला टेकवून ठेवायची. मर्लच्या बापानं अशा सात गाड्या लावल्या होत्या. नदीनं त्यांत गाळ भरला, वर वाळुंजाची झुडपं उगवली, आणि एका जुन्या गाडीच्या टपाखाली इतके मोठे ट्राउट मासे राहायला लागले की पोरं त्या जागेला 'गॅरेज' म्हणत.

गुरुवारी शेड भरली. बीफ चिलीचं पातेलं होतं, दालचिनीचे रोल होते आणि लोकांच्या कपाळावर आठ्या होत्या. वनखात्याची टेरेसा ओक्स नावाची तरुण अधिकारी उभी राहिली.

"या कायद्यानं तुमच्या खाजगी जमिनीत आम्हाला एक खिळासुद्धा ठोकता येत नाही," ती म्हणाली. "तो मुख्यतः एकच गोष्ट करतो. यादीतल्या नदीवर धरण बांधायला केंद्राचा परवाना मिळत नाही. आम्ही फक्त नदी पात्र आहे का ते बघतो, शेवटी ठरवायचं संसदेनं. नदी मोकळी वाहती असली पाहिजे. अडवलेली, सरळ केलेली, काठाला दगडी पिचिंग केलेली नको."

"आणि मर्लच्या बापाच्या गाड्या?" मागून कुणीतरी ओरडलं. शेड हसली.

"त्या मी बघून आले. त्यांत आता मासे राहतात. त्या चालतील."

मर्ल उठला. "आज चालतील म्हणता, बाई. उद्या? उद्या माझ्या गुरांनी पाणी प्यायचं की नाही, ते कोण ठरवणार?"

काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. लपवण्यात अर्थ नाही.

घरी परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "कायदा वाचलात का?"

"मला सरकार माहीत आहे."

"सरकार माहीत असेल. खिंड माहीत नाही तुम्हाला. दोन्हीकडे कातळ, मध्ये जेमतेम दीडशे फूट. माझ्या डोळ्यांदेखत तीनदा माणसं येऊन ती मोजून गेली. धरण बांधणाऱ्याला यापेक्षा आयतं काय मिळणार? या कायद्यानं तुमचे हात बांधले जात नाहीत हो, त्याचे बांधले जातात! तो चौथ्यांदा येईल तेव्हा त्याला कोण अडवणार? तुम्ही?"

"हो, मी. माझी जमीन आहे."

"जमीन तुमची आहे म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या सभेतलं मर्लच्या डोक्यात एवढंच राहिलं होतं, की काठाला पिचिंग केलेली नदी चालत नाही. ऑक्टोबरात पाणी उतरलं. काठाला हात लावायचा तर स्थानिक मंडळाची परवानगी लागते. मंडळावर तिघं, तिघंही आपलेच, त्यातल्या एकाची दगडाची खाण. 'तातडीचं काठसंरक्षण' असं लिहून कागद अर्ध्या तासात हातात पडला. बारा दिवस दोन पोकलेन चालले. वाळुंज खरवडून काढला, सात गाड्या उपसून भंगारात दिल्या आणि पाऊण मैल काठ घडीव दगडांनी असा बांधून काढला की जणू एखादा कालवा. माझ्या ट्रकनं नऊ खेपा टाकल्या. शेवटच्या दिवशी आम्ही दगडांवर बसून बिअर प्यायलो आणि वनखात्याच्या नावानं खूप हसलो. त्या वेळी ते खरंच फार विनोदी वाटत होतं.

हेस्टरबाईंनी जावयाशी बोलणं टाकलं. जेवताना त्यांना मीठ हवं असलं तर त्या लेकीला म्हणत, "जोलीन, तुझ्या नवऱ्याला सांग, दगड टाकून झाले असतील तर मीठ सरकव." मर्ल मीठ सरकवायचा. असं चार वर्षं चाललं.

पुढच्या वर्षी अहवाल आला. पुलाच्या वरची नदी पात्र. पुलापासून खिंडीच्या पलीकडपर्यंतचे दोन मैल 'काठात मोठा बदल केल्यामुळे अपात्र'. मर्लनं ते पान चौकटीत बसवून स्वयंपाकघरात टांगलं. आलेल्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा. सरकारला पाणी पाजलं म्हणून त्याला वर्षभर फुकट बिअर मिळाली.

तीन वर्षांनी पुन्हा एक लिफाफा आला. हा सरकारी नव्हता, म्हणून मर्लनं तो स्वतः उघडला. उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग बायकोकडे न देता सासूपुढे ठेवला. एका वीज कंपनीला खिंडीत धरण बांधायचं होतं. उंची अगदी बेतून ठरवलेली, पाणी बरोबर पुलापर्यंत चढेल आणि पात्र भागाला स्पर्शही होणार नाही इतकी. आम्ही चौकटीत लावलेला अहवाल कंपनीनंही वाचला होता, आणि आमच्यापेक्षा नीट वाचला होता!

"मी जमीन विकणारच नाही," मर्ल म्हणाला. आवाज मात्र विचारल्यासारखा होता.

चार वर्षांत बाई प्रथमच त्याच्याशी थेट बोलल्या. "केंद्राचा परवाना मिळालेल्या कंपनीला जमीन सक्तीनं घेता येते, जावईबापू. आधीपासूनच येते. त्या रात्री गाडीत तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मर्ल तसाच टेरेसा ओक्सकडे गेला. तिनं त्याला खुर्ची दिली, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणाला.

"दगड काढून टाकतो. सगळे. मग घ्याल यादीत?"

"दगड काढलेत तर मला आनंदच होईल. पण आमची पाहणी पुन्हा निघेल ती पंधरा वर्षांनी. कंपनीचा अर्ज आत्ता आहे."

"मग मी काय करू?"

"मला ठाऊक नाही, मिस्टर टोलेफसन," ती म्हणाली. "खरंच नाही."

तरी तो मंडळाकडे गेला. दगड काढायलाही परवानगी लागते. तेच तिघं, तेच टेबल. अर्ज वाचून खाणवाला म्हणाला, "मर्ल, यात तातडी काय आहे?" कंपनीची दोन माणसं दुसऱ्या रांगेत बसून वही काढून ऐकत होती. अर्ज नामंजूर झाला.

धरणाच्या परवान्याची जाहीर सुनावणी त्याच बंबाच्या शेडमध्ये झाली. या वेळी चिली कुणी आणली नव्हती. मर्ल भिंतीवरची चौकट काखेत घेऊन आला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं ते पान मोठ्यानं वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत. मग तो आमच्याकडे वळला, अधिकाऱ्यांकडे नाही.

"सरकार माझी जमीन घेईल म्हणून मी ओरडत होतो. कुणीही घेत नव्हतं. नदीभोवती कुंपण घालायला एक पोरगी आली होती, आणि मी बारा दिवस पोकलेन लावून ते कुंपण मोडलं. तुम्ही सगळ्यांनी मला मदत केलीत. माझी सासू सांगत होती. तिचं ऐकलं असतं तर आज तिला रोज सकाळी मोजायला नदी राहिली असती. माझी चूक झाली! जमीन मीच दिली. माझी, तुमची, सगळ्यांची."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी खाली बघत होतो, माझ्या नऊ खेपा मोजत. चौदा महिन्यांनी परवाना मंजूर झाला.

त्यानंतर मर्ल शेजारच्या खोऱ्यांत फिरायला लागला. जिथं नदीच्या यादीची सभा असेल तिथं चौकट घेऊन हजर. पाच ठिकाणी त्याला हुसकावलं. एका ठिकाणी कुणीतरी विचारलं, "वनखातं किती पैसे देतं रे?" सहाव्या ठिकाणी एका म्हाताऱ्यानं ते पान हातात घेऊन दोनदा वाचलं आणि न बोलता परत दिलं. मर्ल ती गोष्ट आम्हाला फार कौतुकानं सांगायचा. त्या नदीचं पुढं काय झालं ते अजून कुणाला माहीत नाही.

नागरिक बंधुभगिनींनो, नदीचं रक्षण करणारा कागद आला तर जाळण्याआधी तो वाचा, आणि तो कुणाचे हात बांधतो ते बघा. आपले बांधत नसेल तर खुशाल सही करा. आणि नदी वाहती आहे तोवर करा. थांबलेल्या पाण्याला मुक्त नदी म्हणणारा कायदा कुठेच नाही. हे आम्ही हुशारीनं शिकलो असतो तर तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

धरणाचे दरवाजे एप्रिलमध्ये बंद झाले. टोलेफसनांचं घर त्याआधी पाडलं होतं. मर्ल, जोलीन आणि बाई आता गावात, टपाल कचेरीच्या मागे राहतात. हेस्टरबाईंना ब्याऐंशी वर्षं झाली. तरी त्या सात वाजता पुलावर जायच्या, आणि आता मर्ल त्यांचा हात धरून न्यायचा. खांबावर कंपनीनं नवी उंच पट्टी लावून दिली होती. पहिल्या दिवशी चौदा फूट. दुसऱ्या दिवशी चौदा फूट. मे महिन्यात डोंगरावरचं बर्फ वितळलं, जेव्हा नदी पूर्वी दगड गडगडवत यायची, तेव्हाही चौदा फूट.

मी त्या सकाळी पुलावरच होतो. सवयीनं विचारलं, "आज किती, बाई?"

त्यांनी वही उघडली नाही. मर्लच्या हातात दिली आणि पाण्याकडे पाठ केली.

"हे वाचायला मी कशाला लागते?" त्या म्हणाल्या. "चला जावईबापू, घरी जाऊ."

मर्लनं वही काखेत धरली. त्यानं एकदा वाकून पाण्यात पाहिलं. त्याचे दगड तिथंच होते, खाली कुठेतरी, जसे लावले तसे. एकही हलला नव्हता.