न उघडलेली पिशवी

रविवार, सात डिसेंबर. दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी कसबा बावड्याच्या स्केटिंग रिंकवर प्रीती कांबळे ही पंधरा वर्षांची मुलगी उडी घेताना पडली. त्याच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी प्रेक्षकांच्या तिसऱ्या पायरीवरून कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला होता. एवढ्या दोन गोष्टींवर कुणाचं दुमत नाही.

प्रीती लगेच उठली आणि संगीत संपेपर्यंत खेळली. गुडघा खरचटला होता, तो तिने रिंकबाहेर आल्यावर पाहिला. सकाळच्या फेरीनंतर ती दुसरी होती. पडल्यामुळे पाचवी झाली. राज्य संघात दोघींचीच निवड होणार होती.

बर्फावर होतं ते फिगर स्केटिंग इथे चाकांवर होतं. संगीत, वेशभूषा, गिरक्या, उड्या सगळं तेच, खाली फक्त गुळगुळीत फरशी. उडीच्या आधी मुलगी पाठमोरी वेगात येते आणि खांद्यावरून मागे बघत असते. त्या क्षणी किंवा ती हवेत असताना डोळ्यांवर फ्लॅश आला तर तिला फरशी दिसत नाही. म्हणून गेटवर फलक लावलेला होता. फ्लॅश वापरू नये. मोबाइल चालेल, पण लेखी परवानगीशिवाय कॅमेरा आत नेऊ नये. मोठी पिशवी गेटवरच्या टेबलावर ठेवून टोकन घ्यावं. लहान पिशवी आत नेता येईल, मात्र ती उघडून दाखवावी लागेल.

गेटवर गणपती कांबळे होते. वय त्रेसष्ट. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बरीचशी गडहिंग्लजच्या गाडीवर. प्रीती त्यांची नात. ती या रिंकवर शिकायला लागल्यापासून स्पर्धा असली की गेट त्यांच्याकडे असतं. नात आत खेळत असते आणि ते गेटवर पाठमोरे उभे असतात, त्यामुळे तिची एकही स्पर्धा त्यांनी पाहिलेली नाही.

त्यांच्या तपासणीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. असलीच तर ती कडक आहे अशी. सकाळी साडेदहाला एक गृहस्थ गळ्यात मोठ्या लेन्सचा कॅमेरा अडकवून आले.

"पावणं, कॅमेरा टेबलावर."

"अहो, मी सेक्रेटरींचा मेव्हणा."

"मग तर आधी ठेवा की. न्हाईतर लोक म्हणतील सेक्रेटरीच्या घरचं सोडलं."

मेव्हण्यांनी टोकन घेतलं. दिवसभरात गणपतींनी वहीत एकशे शहाऐंशी पिशव्यांची नोंद केली. प्रत्येक नोंदीपुढे बरोबरची खूण आहे. एकशे एकोणचाळीसाव्या नोंदीपुढे ती नाही.

ती पिशवी सीताबाई मगदूम यांची. वय एकाहत्तर, राहणार उचगाव. त्यांची नात आदिती त्याच गटात खेळत होती. आदिती आणि प्रीती तीन वर्षं एकत्र सराव करतात. सीताबाई चार वाजून दहा मिनिटांनी कापडी पिशवी घेऊन गेटवर आल्या. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्या दिवशी सूर्यास्त पाच एकोणसाठला होता आणि बक्षीस समारंभ सहाला. म्हणून डबा बरोबर होता. पिशवीत डब्याखाली, सुती फडक्यात गुंडाळलेला, जुना छोटा कॅमेराही होता. मुलगा जिनेश याने तो त्यांना काही वर्षांपूर्वी दिला होता, कारण मोबाइलवर त्यांना फोटो जमत नाहीत. फलक त्यांनी वाचला नव्हता. चष्मा पिशवीत होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी रिंकच्या ऑफिसात चारजण बसले. मुख्य पंच दीपा आवटी, क्लबचे सेक्रेटरी सयाजी इंगवले, गणपती आणि सीताबाई. कॅमेरा टेबलावर होता. शेवटच्या फोटोत प्रीती हवेत होती, दोन्ही हात छातीशी, आणि चेहरा फ्लॅशने पांढरा पडलेला.

"फोटो तुम्ही काढला?" दीपा आवटींनी विचारलं.

"व्हय. मीच," सीताबाई म्हणाल्या. "फ्लॅश आपोआप लागतोय त्यात. मला बंद करता येत न्हाई."

"प्रीतीचा का? तुमची नात तर आदिती."

सीताबाईंनी गणपतींकडे पाहिलं. "आदितीचा तिचा बाप काढतोय मोबाइलवर. हिचा कोण काढणार? आजोबा गेटवर, पाठ करून. म्हटलं, एक काढावा आणि द्यावा कंडक्टरला."

सयाजी इंगवल्यांनी पंख्याचं बटण बंद केलं आणि परत चालू केलं.

दीपा आवटींनी नियम वाचून दाखवला. प्रेक्षकाने गडबड केली म्हणून खेळाडूला दुसरी संधी मिळत नाही. "नाहीतर पडलेल्या प्रत्येक मुलीचे काका फ्लॅश मारून मोकळे होतील," त्या म्हणाल्या. पण आयोजकांच्या तपासणीत चूक झाली आणि त्यामुळे अडथळा आला, असं लेखी सिद्ध झालं, तर निवड समिती पुन्हा सादरीकरणाला परवानगी देऊ शकते. जबाब त्याच दिवशी द्यावा लागतो.

"म्हणजे प्रश्न एवढाच आहे," त्या म्हणाल्या. "ही पिशवी गेटवर उघडली होती का?"

"न्हाई," गणपती म्हणाले.

"एकशे शहाऐंशी पिशव्यांपैकी ही एकच?"

"ही एकच."

"आणि त्याच पिशवीमुळे तुमची नात पडली, आणि आता तुमच्याच जबाबावर तिला संधी मिळणार. कांबळे, तुम्ही समितीत असता तर काय म्हटलं असतं?"

"म्हटलं असतं, म्हातारा नातीसाठी थापा मारतोय."

"मग कारण लिहा. का उघडली नाही ते."

जबाबाचा कागद छापील होता. नाव, वेळ, घटना, आणि खाली ‘कारण’ असा चार ओळींचा रकाना. गणपतींनी पहिले तीन रकाने कंडक्टरच्या नेटक्या अक्षरात भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं.

"गर्दी होती असं लिहा की," सयाजी म्हणाले.

"चार दहाला गर्दी नव्हती. वहीत वेळा हायत. पुढची पिशवी चार अठराची."

"मग नजरचूक लिहा. माणूस हाय, चुकतोय."

"नजरचूक असती तर खूण केली असती मी. खूण मुद्दाम केली न्हाई."

"अहो, तुम्ही स्वतःच्याच गळ्यात अडकवून घ्यायलाय. गेट जाईल हातचं."

"गेट जाऊ दे. प्रीतीचं काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जे सांगितलं ते दीपा आवटींनी नंतर आपल्या टिपणात उतरवून घेतलं. आक्का, म्हणजे सीताबाई, गेटवर आल्या आणि म्हणाल्या, डबा हाय कंडक्टर, संध्याकाळचा. पिशवी त्यांनी पुढे धरली होती. गणपतींचा हात पुढे गेला आणि मागे आला. बस्स, तेवढंच. कुणी काही बोललं नव्हतं.

"हात मागे का आला?"

"सवय," गणपती म्हणाले. "लहानपणी आई सांगायची, लोकांच्या भाकरीला हात लावायचा न्हाई. एसटीत चौतीस वर्षं होतो. पोती उचलली, कोंबड्यांच्या पाट्या टपावर चढवल्या. पण सीटवर कुणाचा डबा असला तर म्हणायचो, तेवढा तुम्हीच घ्या. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. घरात बुद्धवंदना होते, पोरगा इंजिनिअर हाय, नात स्केटिंग करती. आणि माझा हात अजून तिथंच."

"आज सकाळपासून बाकीचे डबे?"

"उघडले की. वडापाव, बिस्किटं, सगळं उघडलं. हे जेवण दिवस मावळायच्या आतलं, सोवळ्यातल्यासारखं वाटलं मला. आक्का काय म्हणाल्या न्हाईत. मीच ठरवलं."

सयाजी खिडकीबाहेर बघत होते. दीपा आवटींनी सीताबाईंना विचारलं, "तुम्ही त्यांना पिशवीला हात लावू नका म्हणालात?"

"मी कुठं म्हटलं? मी तर पुढं केलती पिशवी."

"त्यांनी हात मागे घेतला, ते तुमच्या लक्षात आलं?"

सीताबाई टेबलावरच्या पिशवीची गाठ सोडत होत्या, ती त्यांनी तशीच ठेवली.

"आलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. मी गेले आत."

"तुम्हाला काही वाटलं तेव्हा?"

"काय वाटलं न्हाई." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तेच की. काय सुदीक वाटलं न्हाई."

तेव्हा पाच एकेचाळीस झाले होते. सयाजी म्हणाले, "आक्का, तुम्ही बाहेर बाकावर बसून जेवून घ्या. अठरा मिनिटं हायत. सही नंतर करा."

"हे होऊ दे आधी."

दीपा आवटींना आणखी एक गोष्ट पाहायची होती. पिशवी उघडली असती तर कॅमेरा सापडला असता का? फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा वरवर बघून दिसला नसता, तर तपासणी झाली असती तरी फरक पडला नसता आणि जबाबाला अर्थ उरला नसता. त्यांनी कॅमेरा पुन्हा फडक्यात गुंडाळायला सांगितला, डब्याखाली ठेवायला सांगितला आणि पिशवी टेबलाच्या मध्यावर सरकवली.

"आता गेटवर उघडता तशी उघडा."

गणपती उठले नाहीत.

"उघडा की कंडक्टर," सीताबाई म्हणाल्या. "माझ्याकडं बघू नका. पिशवीकडं बघा."

गणपतींनी उठून दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड फाकवलं, डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला, फडकं उचललं. वजनावरून कळलं. फडकं उलगडायचीही गरज पडली नाही. दीपा आवटींनी घड्याळात पाहून नोंद केली: सहा सेकंद.

"सापडला असता," त्या म्हणाल्या.

गणपती परत खुर्चीवर बसले आणि त्यांनी चौथा रकाना भरला. चार ओळी पुरल्या नाहीत म्हणून शेवटची ओळ कागदाच्या कडेने उभी लिहिली. लिहिताना त्यांनी दोनदा थांबून चष्मा पुसला. सयाजींनी जबाब वाचला आणि विचारलं, "हे असंच पाठवायचं समितीला? सगळ्यांसमोर वाचतील तिथं."

"वाचू देत."

"प्रीतीला पण कळंल."

बाहेर ध्वनिक्षेपकावर लहान गटाच्या मुलांची नावं पुकारली जात होती. गणपती म्हणाले, "तिला मीच सांगतो. आज जाताना."

साक्षीदार म्हणून सीताबाईंना सही करायची होती. सही करण्यापूर्वी त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितला. दीपा आवटींनी सगळा वाचला, कडेची उभी ओळही. एका ठिकाणी सीताबाईंनी थांबवलं.

"‘बाईंनी काही म्हटलं नाही’ असं लिहिलंय. त्यापुढं लिहा, बाईंनी बघितलं."

तसं लिहिलं गेलं. सही झाली तेव्हा सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. सीताबाईंनी डबा परत पिशवीत ठेवला आणि त्या तो तसाच उचगावला घेऊन गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं आदितीने दुसऱ्या दिवशी सरावाला आल्यावर प्रीतीला सांगितलं.

गणपतींनी प्रीतीला काय सांगितलं हे कळलेलं नाही. तिच्या प्रशिक्षकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा आणि मी चालत आलो, रिक्षा केली नाही." एवढंच.

सोमवारी जबाब, कॅमेऱ्यातला फोटो आणि गेटची वही निवड समितीकडे गेली. समितीच्या पाच सदस्यांपैकी दोघांचं मत मंगळवारपर्यंत आलं. एक पुन्हा सादरीकरणाच्या बाजूने आहे. दुसऱ्याने लिहिलं आहे की दिलेलं कारण तपासणीच्या चुकीत बसत नाही, ते व्यक्तिगत आहे. नियमावलीत अशा कारणाचा उल्लेख नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. उरलेल्या तिघांनी मुदत मागितली आहे.

पुढच्या रविवारी रिंकवर लहान मुलांची जिल्हा स्पर्धा आहे. बुधवारी सयाजी इंगवल्यांनी कामांची यादी फलकावर लावली. गेटपुढे नाव लिहिलेलं नाही. त्याच्या शेजारी राज्य संघाच्या निवडीचा तक्ता आहे. त्यात पहिल्या क्रमांकावर नाव आहे आणि दुसऱ्या ओळीवर पेन्सिलीने ‘प्रलंबित’ असं लिहिलेलं आहे. गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत त्यात बदल झालेला नव्हता.