लँडमास्टरचं टोपण

लालासाहेबांनी पेट्रोलच्या नळीला तोंड लावून जीव खाऊन फुंकलं आणि तोंडात आलेलं पेट्रोल थुंकलं. जीभ चरचरली. वर्धनगडचा घाट जेमतेम सुरू होतोय तोवर लँडमास्टर दुसऱ्यांदा बंद पडली होती, आणि मागच्या सीटवर धाकटा भाऊ कृष्णात बायकोच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता.

सकाळी त्यानं कडब्याच्या गंजीत हात घातला आणि नाग डसला. गावच्या डॉक्टरांनी दंड बघितला, पापण्या बघितल्या आणि म्हणाले, लस नाही, साताऱ्याला पळवा. पळवा म्हणे! ही गाडी पळाली तर ना.

"आवं, माघारी फिराया सांगा त्यास्नी," मनुबाई नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "दोनदा थांबली गाडी. भैरोबा अडवतोय. त्याच्या पायरीवर न्हेऊन ठिवू तुमास्नी."

थोरल्या दिराशी ती आजवर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. घरातलं मीठ संपलं तरी 'हे म्हणत्यात, मीठ आणाय पायजे' असा निरोप यायचा. मग 'हे' तिकडं फौजेत, आसामात का असेनात! एरवी लालासाहेबांना हसू यायचं. आज नाही आलं, कारण भैरोबाचा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता.

नळी जोडून त्यांनी गाडी सुरू केली. फर्लांगभर चढली, दोन आचके दिले आणि पुन्हा गप्प.

"कृष्णात, झोपू नगं रं! तू फौजेत गाड्या नीट करतोस न्हवं? सांग की हिला काय झालंय!"

कृष्णातच्या पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. जीभ जड झाली होती. गाडी बंद असल्यामुळं तेवढं तरी ऐकू आलं.

"फुंकल्यावर... चालतीया?"

"व्हय. थोडी चालती, परत मरती."

"मंग नळीत कचरा न्हाई... फुंकल्याली हवा टाकीत जाती, म्हणून चालती. टाकीला हवा न्हाई, दादा. टोपणाचं... भोक बघ."

लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बघायचं काय त्यात? ते भोक त्यांनी स्वतःच बुजवलं होतं. पेट्रोल कडाडलं, त्यात कुणीतरी म्हणालं की त्या भोकातनं ते उडून जातंय. झालं, त्यांनी चुन्यात गूळ मळला आणि गळक्या रांजणाला लिंपावं तसं टोपण लिंपून टाकलं. चार लोकांना कौतुकानं दाखवलंही होतं.

टोपण फिरता फिरेना. फिरलं तेव्हा टाकीनं फुस्स करून हवा ओढली. टोपण चरीत भिरकावून त्यांनी टाकीच्या तोंडात फडकं सैल कोंबलं.

"देव न्हवं, मने, माझंच शहाणपण आडवं आलं!" ते रडकुंडीला येऊन म्हणाले आणि गाडीत बसले.

आता लँडमास्टर घाट चढू लागली. इंजिनाच्या घरघरीत मागचं काही ऐकू येईना, तेव्हा मनुबाईनं नवऱ्याच्या तोंडाला कान लावला.

"दुसऱ्याच गेरात चढवा, म्हणत्यात."

लालासाहेबांच्या जिवात जीव आला. बोलतोय तोवर आहे.

घाट उतरून गाडी कोरेगावकडं लागली. "कृष्णात, बोल रं," ते दर थोड्या वेळानं ओरडत होते. कोरेगावात बैलगाड्यांनी रस्ता अडला तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू का वाईच? तोंड बघू दे त्याचं."

"थांबू नगा, म्हणत्यात," मनुबाई घाईनं म्हणाली. "हारन वाजवा आन् फुडं चला."

माहुलीच्या पुलावर लालासाहेबांचे डोळे भरून आले, रस्ता दिसेना.

"घाबरू नगं दादा, म्हणत्यात. गाडी झ्याक चाललीया."

साताऱ्यात दवाखान्याच्या दारातच डॉक्टर गाडीत वाकले. त्यांनी कृष्णातची पापणी उचलली, छातीला नळी लावली.

"जीव आहे. उचला, आत घ्या. बोलायचे कधी थांबले?"

"थांबला न्हाई जी," लालासाहेब म्हणाले. "आत्ता पुलापातुर बोलत हुता."

"न्हाई," मनुबाई म्हणाली. "घाटाच्या माथ्यावरच थांबलं. तवापासनं एक सबूद न्हाई."

कृष्णातला उचलून आत नेलं. दार लागलं. लालासाहेब भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मनुबाईकडं बघत राहिले. तिचा पदर खांद्यावर पडला होता, तो सावरायचं तिला भान नव्हतं.

ती त्यांच्यासमोर आली.

"दादा," ती म्हणाली, "बसा खाली. पाय कापत्यात तुमचं."